मागे राहिलेला लक्ष्मण

लग्नसराई आली की आमच्या यवतमाळच्या घरासमोरून दर दोन-चार दिवसांनी एखादी वरात जातेच. पूर्वी बँड असायचा, आता डीजे असतो. खिडकीच्या काचा थरथरतात, कपाटातल्या कपबशा वाजू लागतात आणि आमची सौ. कानात कापूस घालून बसते. (कापसाला आमच्या जिल्ह्यात काय कमी!)

परवाच्या वरातीत नवरदेवाचे बूट लपवण्याचं ते गाणं लागलं आणि मी चक्क उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. 'हम आपके हैं कौन'मधलं. सिनेमा १९९४ सालचा, म्हणजे तीस वर्षं उलटून गेली. समोर नाचणाऱ्या पोरींचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. त्यांच्या आया तेव्हा शाळेत असतील, त्यातली एखादी माझ्याच वर्गात बसत असेल. तरी एकाही पोरीचं पाऊल चुकत नव्हतं.

शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा खाली फाटकाशी उभा होता. वर बघून म्हणाला, "आजोबा, जुनं गाणं आहे ना? म्युझिक कोणाचं?"

"राम लक्ष्मणचं."

"भाऊ भाऊ होते का?"

"नाही बाप्पा, भाऊ नव्हते. आणि हे गाणं केलं तेव्हा दोघंही नव्हते. एकटाच होता."

तो गोंधळला. मला पुढे सांगायचं होतं, पण वरात जवळ आली आणि बोलणं ऐकू येईना. खरं सांगायचं तर बरंच झालं. कारण राम लक्ष्मणची गोष्ट पूर्ण सांगायची तर मला माझीही एक गोष्ट सांगावी लागली असती. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. आज इथे सांगतो.

आधी त्यांची.

राम लक्ष्मणमधला लक्ष्मण म्हणजे आपल्या नागपूरचे विजय पाटील. जन्म १६ सप्टेंबर १९४२. वडील काशीनाथ आणि काका प्रल्हाद यांच्याकडे गाण्याचे पहिले धडे मिळाले, म्हणजे घरातच सूर होता. पियानो आणि अकॉर्डियनवर त्यांचा हात चांगला होता. विदर्भातल्या कलावंताला कधी ना कधी मुंबईची गाडी पकडावी लागते, तशी त्यांनीही पकडली. तिथे सुरेंद्र नावाच्या दुसऱ्या संगीतकाराशी जोडी जमली आणि दोघं दादा कोंडक्यांच्या नजरेत भरले. 'सोंगाड्या' १९७१ साली आला होता, तेव्हापासून दादांचं नाव सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी होतं. त्यांनी या दोघांना १९७५ च्या 'पांडू हवालदार'चं संगीत दिलं आणि नावही दिलं. सुरेंद्र झाले राम, विजय झाले लक्ष्मण.

'पांडू हवालदार' मी दारव्ह्याहून शकुंतलेनं यवतमाळला येऊन पाहिला होता. शकुंतला म्हणजे आमची छोट्या रुळांवरची आगगाडी. ती धावत नसे, चालत असे. आता तीही बंद आहे. तेव्हा मी पंचविशीत होतो. यवतमाळच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. झालो होतो, बी.एड. झालो होतो आणि वर्षभरापूर्वी एका तालुक्याच्या गावी शाळेत लागलो होतो.

सिनेमाला मी एकटा नव्हतो. सोबत आमचे संगीत शिक्षक होते. 'आमचे संगीत शिक्षक' हे मी शिष्टाचार म्हणून लिहिलं. तो माझा मित्र होता. मुलं त्याला पेटीसर म्हणायची. तो अर्धवेळ होता, पगार कसला, मानधनच. म्हणून सकाळी चित्रकलेचे तासही घ्यायचा आणि सुट्टीच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतल्या भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करायचा. त्याचं घर भजनाचं. तुकडोजी महाराजांची भजनं आणि खंजिरी त्याच्या कानावर पाळण्यातच पडलेली. शास्त्र फारसं शिकलेला नव्हता, पण मुलांच्या गळ्याची त्याला जी समज होती ती मी पुढे पस्तीस वर्षांच्या नोकरीत कुणातही पाहिली नाही.

मी शब्द लिहायचो, तो चाल लावायचा. स्वागतगीत असो, निरोपगीत असो, स्नेहसंमेलनातला समूहगीताचा कार्यक्रम असो, आमची जोडी ठरलेली. कुठेही दोघं मिळूनच जायचो, म्हणून आमचे मुख्याध्यापक आम्हांला पाहिलं की म्हणायचे, "आले पाहा राम-लक्ष्मण!" त्यामुळे 'पांडू हवालदार'च्या सुरुवातीला पडद्यावर 'संगीत : राम लक्ष्मण' अशी पाटी आली तेव्हा आम्ही दोघं अंधारात एवढे हसलो की मागच्या माणसानं दम दिला.

येताना गाडीत वाद झाला, आपल्यातला राम कोण? तो माझ्याहून दीड वर्षानं मोठा. म्हणाला, "राम मी. तू लहान हायेस ना? मंग पेटी तू उचल." तेव्हापासून गावोगावी कार्यक्रमाला जाताना पेटी माझ्या हातात आणि तो पुढे मोकळा. हातपेटीला किती वजन असतं ते ज्यानं उन्हात दोन किलोमीटर नेली त्यालाच माहीत!

असो. तिकडे मुंबईत खऱ्या राम लक्ष्मणची गाडी रुळावर आली होती. 'पांडू हवालदार'नंतर दादांचे पुढचे सिनेमे मिळाले. मग हिंदीतून बोलावणं आलं, तेही राजश्रीसारख्या नामवंत संस्थेकडून. सिनेमा होता 'एजंट विनोद', तो १९७७ साली लागला. मराठीतून हिंदीत जाणारं दार सगळ्यांना उघडत नाही. यांना दोन वर्षांत उघडलं. आणि त्या दाराच्या उंबरठ्यावरच राम गेले. 'एजंट विनोद'चं काम हाती आलं त्याच सुमारास सुरेंद्र अचानक वारले.

रामायणात लक्ष्मण आधी जातो आणि राम मागे राहतो. इथे उलटं झालं.

आता विचार करा. विजय पाटील तेव्हा पस्तिशीच्या आत-बाहेर होते. समोर नवं क्षेत्र, नवे लोक. जोडीचं नाव जेमतेम दोन वर्षांचं. त्यांनी पुढे 'विजय पाटील' म्हणून काम केलं असतं तर कोणी बोट दाखवलं नसतं. स्वतःचं आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, त्यात गैर काय? पण त्यांनी पाटी बदलली नाही. 'एजंट विनोद'वर नाव लागलं राम लक्ष्मण. १९७९ च्या 'तराना'वर राम लक्ष्मण. दरवर्षी गणपतीत मंडपामंडपातून जे गाणं वाजतं ते १९८१ च्या 'हम से बढकर कौन'मधलं. त्याचंही संगीत राम लक्ष्मण. काम एकाचं, नाव दोघांचं.

कोणी म्हणेल, यात काय मोठंसं? चालतं दुकान होतं, पाटी कशाला बदलायची? शंकर-जयकिशनमधले जयकिशन १९७१ साली गेले, तरी शंकर यांनी १९८७ साली स्वतः जाईपर्यंत जोडीचंच नाव लावलं. लक्ष्मीकांत १९९८ साली गेले. २०२४ साली प्यारेलाल शर्मांना पद्मभूषण मिळालं, तेव्हा आपण बातमी वाचून 'लक्ष्मीकांत-प्यारेलाल मधले' असंच म्हणालो ना? जोड्यांचं असंच असतं.

हे बरोबर आहे, पण एक फरक आहे. शंकर-जयकिशन हे नाव १९७१ साली वीस वर्षांचं होतं आणि सगळ्या देशाला पाठ होतं. ते टाकून देणं म्हणजे स्वतःची मिळकत टाकून देणं होतं. राम लक्ष्मण हे नाव हिंदीत कोणाला माहीत होतं? ते दुकान अजून मांडायचंच होतं. आणि पुढे ते एकट्यानं मांडलं.

शिवाय ते लवकर चाललंही नाही. त्या दहा-बारा वर्षांत मराठीत दादांचे सिनेमे होते, हिंदीत बरीच लहानमोठी कामं होती, पण पहिल्या रांगेत नाव येत नव्हतं. मग २९ डिसेंबर १९८९ ला 'मैंने प्यार किया' लागला. सूरज बडजात्यांचं पहिलं दिग्दर्शन, सलमान खानची नायक म्हणून पहिली भूमिका, आपल्या सांगलीची भाग्यश्री, आपला लक्ष्मीकांत बेर्डे. गाणी असद भोपाली आणि देव कोहली यांची, आवाज लताबाईंचा आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा. कबुतराचं ते गाणं तर आमच्या शाळेतल्या पोरांनी इतकं म्हटलं की मी वर्गात त्यावर बंदी घातली होती! विजय पाटील तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्या वयात आम्ही शिक्षक निवृत्तीला किती वर्षं उरली ते बोटांवर मोजायला लागतो. त्यांना त्या वयात उत्कृष्ट संगीतकाराचा फिल्मफेअर मिळाला.

पुरस्कारावर नाव कोणतं? राम लक्ष्मण. बारा-तेरा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं नाव आधी, आणि ज्यानं काम केलं त्याचं नंतर.

मग 'हम आपके हैं कौन' आला. त्यात चौदा गाणी. लोक म्हणाले, हा सिनेमा आहे की लग्नाची कॅसेट? पण बघायला सगळे गेले. आमच्या इकडून माणसं एसटी करून गेली. गंमत म्हणजे त्या वर्षीचा फिल्मफेअर मात्र '१९४२ : अ लव्ह स्टोरी'साठी राहुलदेव बर्मन यांना मिळाला. ते त्याच वर्षी जानेवारीत गेले होते, पुरस्कार मरणोत्तर होता. गेलेल्या माणसाचा मान ठेवणं म्हणजे काय हे लक्ष्मणाला कोणी शिकवायला नको होतं. १९९९ साली 'हम साथ साथ हैं' आला, त्यावरही तेच नाव.

आता माझी गोष्ट.

१९७९ साली आमच्या शाळेचा रौप्यमहोत्सव होता. शाळेला स्वतःचं गीत असावं असं ठरलं आणि काम राम-लक्ष्मणाकडे आलं. मी दोन रात्री बसून तीन कडवी लिहिली. त्यात 'प्रांगण' होतं, 'ज्ञानमंदिर' होतं, 'तेजोमय' होतं. बी.ए.ला मराठी घेतलेला माणूस, त्याशिवाय कसं भागणार? त्यानं पेटी उघडली, पहिली ओळ दोनदा म्हणून पाहिली आणि भाता बंद केला.

"काहून रे, हे प्रांगण म्हंजे काय?"

"अंगण."

"मंग अंगणच लिही ना बाप्पा. पोरायले अंगण समजते. प्रांगणात पाचवीच्या पोराचा श्वास तुटते."

मी रागावलो. पण त्यानं ती ओळ 'अंगण' घालून म्हणून दाखवली आणि मला गप्प बसावं लागलं. असं करत करत तेजोमय गेलं, ज्ञानमंदिर गेलं. दुसऱ्या कडव्यातल्या दोन ओळी तर पूर्ण त्याच्या आहेत. चाल त्यानं भूपात बांधली. मी कारण विचारलं तर म्हणाला, भूपात म आणि नी नाहीत, पाचच सूर, पोरांना बेसूर व्हायला जागाच कमी! ते गीत त्या वर्षी तीनशे मुलांनी एका आवाजात म्हटलं. तेव्हापासून आजतागायत त्या शाळेत रोज सकाळी प्रार्थनेनंतर ते म्हटलं जातं. रौप्यमहोत्सवाच्या पत्रिकेवर 'गीत-संगीत' म्हणून आमची दोन्ही नावं जोडून छापली होती. त्याचं आधी, माझं नंतर. मीच तसं लिहून दिलं होतं.

१९८६ च्या नोव्हेंबरात तो गेला. कापूस वेचणीचे दिवस होते. कावीळ झाली होती, त्यानं अंगावर काढली. सदतीस-अडतीस वर्षांचं वय. घरी बायको आणि सहा वर्षांची मुलगी. अर्धवेळ माणसाला पेन्शन नव्हती. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली, ती किती पुरणार? वर्षभरानं त्या दोघी अमरावतीला तिच्या भावाकडे गेल्या. पेटी शाळेतच राहिली. मी अधूनमधून तिच्यावरची धूळ पुसायचो. मला वाजवता येत नाही.

२००४ साली शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. स्मरणिका निघणार होती आणि शाळेच्या दर्शनी भिंतीवर शाळागीत संगमरवरात कोरून लावायचं ठरलं होतं. समितीतली सगळी नवी माणसं, माझे माजी विद्यार्थी. एके दिवशी त्यातला एक जण मजकुराचा कागद घेऊन घरी आला. "सर, कोरायला द्यायच्या आधी एकदा नजर घाला. शुद्धलेखन तुमच्याशिवाय कोण तपासणार?"

मी चष्मा लावला, खिशातलं लाल पेन काढलं. तीन कडवी लिहिली होती. खाली लिहिलं होतं, 'रचना :' आणि पुढे माझं एकट्याचं नाव.

त्या पोराची काहीच चूक नव्हती. तो शाळेत आला तेव्हा पेटीसर जाऊन काही वर्षं झाली होती. त्यानं गाण्याच्या तासाला मलाच उभं राहिलेलं पाहिलं होतं. त्याला जे माहीत होतं ते त्यानं लिहिलं. चूक दुरुस्त करण्यासाठी तर तो माझ्याकडे आला होता!

मी काय केलं? एके ठिकाणी 'ज्योती'चा 'ति' ऱ्हस्व पडला होता, तो दीर्घ केला. एक अनुस्वार राहिला होता, तो दिला. आणि कागद परत दिला.

किती वेळ लागला असता? दोन शब्द लिहायचे होते, एक नाव आणि एक आडनाव. पेन हातात होतं, तेही उघडं. मी नंतर मनाशी पुष्कळ कारणं रचली. शब्द तर माझेच होते. (नव्हते.) 'रचना' म्हणजे शब्दरचना, तिथे चालीचा काय संबंध? त्याच्या घरचं आता गावात कोणी नाही. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? पन्नाशी उलटलेल्या, निवृत्ती जवळ आलेल्या मास्तराला दगडावर एक नाव हवं होतं, एवढंच खरं कारण होतं. ते मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही.

समारंभात शाल-श्रीफळ झालं. एका पाहुण्यांनी भाषणात शाळागीताचं कौतुक केलं. म्हणाले, "'प्रांगण' न म्हणता 'अंगण' म्हणणं, यातच कवीचं मोठेपण आहे." टाळ्या झाल्या. मी हात जोडले.

त्यानंतर चार वर्षांनी निवृत्त झालो, मुलाकडे यवतमाळला आलो. त्या भिंतीसमोरून जायचा प्रसंग फारसा येईना, त्यामुळे विसरल्यासारखं झालं.

२२ मे २०२१. करोनाची दुसरी लाट, आम्ही सगळे घरात कोंडलेले, रोज कोणी ना कोणी गेल्याचा फोन. टीव्हीवर खाली पट्टी आली, ज्येष्ठ संगीतकार राम लक्ष्मण यांचं नागपुरात निधन. हृदयविकाराच्या झटक्यानं, वय अठ्ठ्याहत्तर. सूनबाईंनी वाचलं आणि विचारलं, "बाबा, दोघंही एकदमच गेले का हो?"

मलाही तोपर्यंत नीट ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेपरात सविस्तर वाचलं. राम चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीच गेले होते. गेले ते लक्ष्मण, विजय पाटील. २०१८ सालचा राज्य शासनाचा लता मंगेशकर पुरस्कार त्यांना जाहीर झाला तेव्हा बातमीत 'विजय पाटील ऊर्फ राम लक्ष्मण' असं छापून आल्याचं आठवलं. तेव्हा मी ते नाव वाचलं होतं, पण 'ऊर्फ'चा अर्थ कळला नव्हता. दोघांनी एकत्र काम केलं दोन वर्षं, आणि मागे राहिलेल्यानं दोघांचं नाव चालवलं चाळीसहून अधिक वर्षं. रामायणातला लक्ष्मण चौदा वर्षं जागला म्हणतात. याची जागण कितीतरी मोठी.

पेपर हातात घेऊन मी हिशेब करत बसलो. आमची जोडी बारा वर्षांची, म्हणजे त्यांच्यापेक्षा सहापट. आणि त्याचं नाव मी अठरा वर्षंसुद्धा टिकवलं नाही. त्यांच्यासमोर अख्खी हिंदी सिनेसृष्टी होती, माझ्यासमोर शाळेची एक भिंत.

तुम्हांला वाटेल, मग मी लगेच उठलो आणि चूक दुरुस्त केली. नाही. लॉकडाऊन आहे म्हटलं. मग प्रकृतीचं कारण झालं, मग सौ.च्या मोतीबिंदूचं. अशी काही वर्षं गेली. माणूस स्वतःला मुदत वाढवून देण्यात फार उदार असतो.

परवाच्या वरातीनं मात्र राहवलं नाही. त्या मुलाला मी गॅलरीतून जे सांगितलं ना, की गाणं केलं तेव्हा एकटाच होता, ते माझ्याच कानात घुमत राहिलं. दुसऱ्या दिवशी दोन-तीन जणांना विचारून मित्राच्या मुलीचा नंबर मिळवला आणि अमरावतीला फोन लावला. ती आता पंचेचाळिशीच्या आसपास आहे, स्वतः शिक्षिका आहे. मी नाव सांगितलं तर क्षणभर शांत झाली, मग म्हणाली, "काका? पेटी उचलणारे काका?"

मला बोलताच येईना. कसंबसं सगळं सांगितलं. कागद, लाल पेन, सगळं. ती मध्ये काही बोलली नाही.

मग म्हणाली, "काका, मला माहीत आहे. आई आली होती त्या कार्यक्रमाला."

"सुवर्णमहोत्सवाला?"

"हो. कोणीतरी पत्रिका दिली होती. एकटीच एसटीनं आली, मागे बायकांच्या रांगेत बसली, गाणं ऐकलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आली. पाटीपण पाहिली तिनं."

मी विचारलं, "काही म्हणाली का?"

"तुमच्याबद्दल ना? म्हणाली, भाऊजी शालीत चांगले दिसत होते."

मंडळी, मी पस्तीस वर्षं मास्तरकी केली. मुलांना रागावलो, क्वचित मारलंही. मुख्याध्यापकांची, शिक्षणाधिकाऱ्यांची बोलणीही खाल्ली. पण या एका वाक्याइतकं मला काही लागलं नाही. ती माउली आता नाही. पाच वर्षांपूर्वी गेली. तिची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

मुलगी मला म्हणाली, "रडू नका काका. मी माझ्या मुलीला तेच गाणं म्हणून झोपवलं आहे. आमच्या घरी ते शाळागीत नाही, आजोबांची चाल आहे." मग थोडं थांबून म्हणाली, "पण नाव लागलं तर बरं वाटेल. खरंच बरं वाटेल."

तिचं ते 'पण' मला महत्त्वाचं वाटतं. तिनं सहज माफ करून टाकलं असतं तर मी पुन्हा स्वस्थ बसलो असतो.

गेल्या आठवड्यात शाळेत जाऊन आलो. सध्याच्या मुख्याध्यापिका माझ्याच विद्यार्थिनी. त्यांना लेखी अर्ज दिला, त्यात सगळी हकीकत लिहिली. १९७९ ची पत्रिका माझ्या ट्रंकेत होती, तिची प्रत जोडली. त्या म्हणाल्या, "सर, दगडात कोरलेलं खोडता येत नाही. खाली त्याच दगडाची पट्टी लावू." मी म्हटलं, लावा, खर्च माझा, पण त्यावर दोन नावं हवीत, आणि त्याचं आधी. त्या म्हणाल्या, "तुमचं तर वर आहेच की." मी म्हटलं, "ते एकट्याचं आहे. मला जोडीतलं हवंय."

संगीताच्या खोलीत ती पेटी अजून आहे. भात्याला उंदरांनी कुरतडलंय. नवे संगीत शिक्षक आता इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर गाणं बसवतात, पण पट्टी तीच, काळी चार. मी पेटी बाहेर काढून खोलीच्या मधोमध ठेवली आणि दुरुस्तीला देऊ म्हणून सांगितलं. उचलताना हात थरथरले. वजन तेवढंच आहे, उचलणारा म्हातारा झालाय.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. त्या दिवशी पट्टी लागायची आहे. मुलगी आपल्या लेकीला घेऊन येणार आहे.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं लिहिलंत, मग मित्राचं नाव कुठे आहे? लिहिणार होतो. तिला विचारलं, तर म्हणाली, "काका, आधी भिंतीवर लागू द्या. मग तुम्हांला हवं तिथे लिहा." बरोबर आहे तिचं. माझ्या शब्दावर तिनं का विसंबावं?

पट्टीचा मजकूर काल दगड कोरणाऱ्याकडे देऊन आलो. ऱ्हस्व-दीर्घ तपासलं. नावं दोनदा मोजली.